तोंडपाठ आई

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात मी अमेरिकेत श्रूजबरीला आले, तेव्हा माझ्याकडे इंग्रजी शिकवण्याचा नऊ वर्षांचा अनुभव होता आणि तो वापरायला कायद्यानं बंदी होती. व्हिसा नवऱ्याच्या कामाचा, माझा त्याच्या शेपटाला बांधलेला. पगार घेतला तर गुन्हा. फुकट राबलं तर मात्र सरकारची काही हरकत नाही, असं आमच्या बिल्डिंगमधल्या नागपूरच्या काकूंनी सांगितलं. फुकट राबायचा सराव लग्नापासून होताच. मी लायब्ररीत जाऊन नाव घातलं.

लायब्ररीत बाहेरून आलेल्या लोकांना मंगळवार-गुरुवार तासभर इंग्रजी शिकवायचं होतं. एका शिक्षकाला एक विद्यार्थी. कराडच्या मराठी शाळेत मी एका वेळी बासष्ट पोरं सांभाळलेली. एका विद्यार्थ्याचं मला काय एवढं, असं वाटलं. मग ती आली.

चीनमधली बाई, वय एकेचाळीस, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. बुटकी, केस कानापर्यंत कापलेले, पाठीवर शाळेतल्या मुलीसारखं दप्तर. खुर्चीवर बसायच्या आधी मला वाकून म्हणाली, "गुड आफ्टरनून, टीचर." नऊ वर्षांत बासष्ट पोरांनी मिळून मला एवढा मान दिला नव्हता. मी लगेच विरघळले. म्हटलं, टीचर नको, आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. त्या दिवसापासून मी तिची बाई झाले. इतकी कडक 'बाई' म्हणायची की लायब्ररीतले लोक वळून बघायचे.

तिची गोष्ट तिनं पहिल्याच दिवशी चार वाक्यांत सांगितली. चीनमध्ये ती चौदा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा त्याच्या भावाच्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून इकडे आला, पाठोपाठ ती. आता त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत ती दिवसभर डम्पलिंग वळते. तिला परत नर्स व्हायचंय.

त्यासाठी कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती: वाचन, व्याकरण आणि एक निबंध. परीक्षा दोनदाच देता यायची. दोन्ही वेळा नापास झालात तर पुढची दोन वर्षं दार बंद. एकदा ती बसून नापास झाली होती, निबंधात. उरली एकच संधी. "दोन वर्षांनी मी म्हातारी," ती म्हणाली आणि डम्पलिंग वळल्यासारखी बोटं करून दाखवली, म्हणजे मग हेच.

व्याकरण शिकवताना आमची चांगलीच करमणूक झाली. तिच्या भाषेत 'तो' आणि 'ती' बोलताना सारखेच, त्यामुळे तिच्या वाक्यांत नवऱ्याला दिवस जायचे आणि सासूला दाढी यायची. क्रियापदाला काळ नावाची गोष्ट ती मानायचीच नाही. 'काल' म्हटलंय ना, मग क्रियापदाला परत कशाला छळायचं, असं तिचं म्हणणं. मला मनातून पटायचं. आणि 'अ', 'अ‍ॅन', 'द'च्या बाबतीत तर आम्ही दोघीही पोरक्या. मराठीत नाही, चिनीत नाही. मी शाळेत वर्षानुवर्षं जे नियम फळ्यावर लिहिले, त्यांवर माझा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. पण बाईनं असं कबूल करायचं नसतं.

एक मात्र मानावं लागेल, असा अभ्यास मी जन्मात पाहिला नाही. चौकटीची वही, प्रत्येक चौकटीत एक अक्षर. मी दुरुस्त केलेलं वाक्य ती घरी वीस वेळा लिहून आणायची. सांगितलं नव्हतं हो मी! आणि मोठ्यानं वाचायची, तेही उघड्यावर. त्यांच्याकडे म्हणे पोरं सकाळी शाळेच्या आवारात भिंतीकडे तोंड करून खच्चून पाठांतर करतात. जानेवारीत, गुडघाभर बर्फात, लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये ही बाई विटांच्या भिंतीला अनियमित क्रियापदं ऐकवत उभी. आतून लायब्ररियन घाबरून माझ्याकडे आली, "तुमची स्टुडंट ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक काय, पहिली येईल. आमच्याकडची पोरंसुद्धा परीक्षेच्या दिवसांत गच्चीवर येरझाऱ्या घालत हेच करतात. मला तर भरूनच आलं. परदेशात कुणीतरी आपल्या गावचं भेटावं तसं.

घोडं पेंड खायचं ते निबंधापाशी. विषय दिला की ती पेन धरून दगडासारखी बसायची. "बाई, मला काय वाटतं ते लिहायचं? पण ते बरोबर आहे हे मला कसं कळणार?" प्रश्न अगदी वाजवी. कराडच्या पोरांनाही हाच पडायचा. आणि त्यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उतारा होताच.

मी तिला गायीची गोष्ट सांगितली. एक पोरगा गायीचा निबंध पाठ करून गेला, परीक्षेत विषय आला 'झाड'. त्यानं लिहिलं, आमच्या दारात एक झाड आहे, झाडाला गाय बांधली आहे, आणि पुढे गाय. ऐकून ती एवढी हसली की दप्तर खाली पडलं. "आमच्याकडेही! आमच्याकडेही!" त्यांच्याकडे नमुना-निबंधांची जाडजूड पुस्तकं, आमच्याकडे गाईडं. दोघींनी टेबलावर टाळी दिली. म्हटलं, ठरलं तर, आपण एक गाय बांधू.

गाय म्हणून मी माझ्या आईला घेतलं. 'मला आदर्श वाटणारी व्यक्ती' हा निबंध मी शाळेत शंभरदा तरी सांगितला असेल. एका बैठकीत इंग्रजीत लिहून काढला. मराठीत सांगायचं तर असा: 'माझी आई कराड येथे राहते. ती पहाटे चार वाजता उठते. शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवून तिने आम्हा भावंडांना वाढवले. तिच्या मुखावर सदैव स्मितहास्य विलसत असते. ती कधीही रागावत नाही. कृष्णेच्या पाण्याप्रमाणे तिची माया...' वगैरे वगैरे. अडीचशे शब्द, एकही चूक नाही. मी तिला सांगितलं, हा सांगाडा आहे. गाव, नाव, काम तुझ्या आईचं घाल. तिनं मान डोलावली.

पुढच्या मंगळवारी तिनं तो उभं राहून, हात मागे बांधून म्हणून दाखवला. स्वल्पविरामाला थांबत. 'कराड'सकट. 'कृष्णे'सकट. मी तेव्हाच टोकायला हवं होतं. पण खरं सांगू का? मला ऐकायला गोड वाटलं. दीड वर्ष होत आलं होतं आईला पाहून, आणि इथे मॅसॅच्युसेट्समधल्या लायब्ररीत एक चिनी बाई माझ्या आईचे गोडवे गात होती. म्हटलं, परीक्षेच्या वेळी बदलेल. दर आठवड्याला मी तिला म्हणायला लावायचे. सराव म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. ती थेट लायब्ररीत आली, गाल लाल. विषय होता 'आयुष्यातला एक अवघड निर्णय'. "बाई, मी गाय बांधली!" अवघड निर्णय घ्यायला धैर्य लागतं, माझ्या आईकडे फार धैर्य आहे, माझी आई कराड येथे राहते... मी विचारलं, अगं, कराड तसंच ठेवलंस? तिला माझा प्रश्नच कळेना. "बाईंचे शब्द मी कसे बदलणार? बाईंनी लिहिलंय म्हणजे ते बरोबर आहे." मी वरवर हसले आणि म्हटलं, होईल काहीतरी.

झालं काय, तर आठ दिवसांनी कॉलेजचं पत्र. व्याकरण आणि वाचनात ती पास होती. निबंधाबद्दल मात्र शंका होती: हा तुमचाच आहे का, येऊन खुलासा करा. खुलासा पटला नाही तर परीक्षा रद्द, म्हणजे ही दुसरी संधी गेली, म्हणजे डम्पलिंग. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिनं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि इतक्या विश्वासानं माझ्याकडे बघितलं की मला कुठे तोंड लपवू असं झालं. नवरा म्हणाला, तू कशाला जातेस त्यात, नसती भानगड, तुझा व्हिसा काय, तुझं काय. मी त्याला म्हटलं, गाय माझी आहे.

दोघी गेलो. ऑफिसातल्या बाई पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दोरीला चष्मा. समोर दोन कागद: पहिल्या परीक्षेतला तिचा निबंध, सहा मोडकी वाक्यं, आणि हा, गुळगुळीत. त्यांनी विचारलं, "कराड कुठे आहे?"

"इंडिया," ही ताठ बसून म्हणाली. "नदीजवळ."

"तुमची आई तिथे राहते?"

"नाही. बाईंची आई." आणि तिनं अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी बोलायला लागले आणि थांबेचना. चूक माझी आहे, मी नऊ वर्षं पोरांना असंच शिकवलं, मलाही असंच शिकवलं होतं, आमच्याकडे याला चोरी नाही, अभ्यास म्हणतात. त्या म्हणाल्या, "इथे याला चोरी म्हणतात." ही मधेच म्हणाली, "मी कागद बघितला नाही. सगळं इथे होतं." आणि कपाळावर बोट टेकवलं. "शंभर वेळा लिहिलं. हात दुखला. चोराचा हात दुखत नाही."

त्या बाईंनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी कोरा कागद काढला. "पाऊण तास. इथे, माझ्यासमोर. आई याच विषयावर लिहा. पण तुमची आई, यांची नाही." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर."

बाहेर एक कोल्ड्रिंकचं मशीन आणि मी. त्या पाऊण तासात मला काय काय आठवलं म्हणून सांगू! दीड वर्ष आठवड्यातून दोनदा मी तिच्याशेजारी बसले होते. तिच्या सासूची दाढी मला माहीत, दिराच्या हॉटेलातला मेनू माहीत. आणि तिची आई? आहे की नाही, हेही मी विचारलं नव्हतं. तिला माझी आई तोंडपाठ होती. विचारायला मला वेळ नव्हता असंही नाही. सुचलंच नाही. मी आपली लाल पेन घेऊन बसलेली. मला माझाच असा राग आला की मशीनला एक लाथ घालावीशी वाटली.

दार उघडलं. त्या बाईंच्या हातात कागद, चष्मा काढलेला. मागे ही, मान खाली. बाईंनी तिला विचारलं, "यांनी वाचलं तर चालेल?" तिनं मान हलवली. मी कागद घेतला आणि सवयीनं पर्समध्ये लाल पेन शोधायला लागले. चार ओळींपर्यंत चुका मोजल्या, अकरा होत्या. मग मोजणं थांबलं.

तिनं लिहिलं होतं ते साधारण असं:

'माझी आई सहा नंबरच्या खाटेवर आहे. मी त्या वॉर्डात नर्स आहे. मोठी नर्स म्हणते, ड्युटीवर तू नर्स, मुलगी नाही. म्हणून मी म्हणते, सहा नंबर, तोंड उघडा. ती तोंड उघडते. ती म्हणते, थँक यू, नर्स. ती चेष्टा करते आहे. बाजूच्या खाटांना सांगते, ही नर्स फार चांगली आहे, कुणाची मुलगी आहे कोण जाणे. चार वाजता ड्युटी संपते. मी कपडे बदलते आणि येऊन मुलगी होते. एक दिवस ती साडेतीन वाजता मरते. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिते. मी चारपर्यंत काम करते. मग मी कपडे बदलते. हा अवघड निर्णय होता की नाही, मला माहीत नाही. मला परत नर्स व्हायचं आहे. त्या कपड्यांत तिनं मला शेवटचं बघितलं.'

मी त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या रडले. नाक वर ओढत, लाज सोडून. ती घाबरली. "बाई, फार चुका आहेत?" मी म्हटलं, आहेत गं, खूप आहेत, राहू देत.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला, अट एकच, पहिल्या सहामाहीत लेखनाचा जादा वर्ग करायचा. ती पत्र घेऊन लायब्ररीत आली, पण मला ते वाचूच देईना. उभी राहिली, हात मागे बांधले आणि 'आपणांस कळवण्यास आनंद होतो'पासून खालच्या फॅक्स नंबरापर्यंत सगळं पत्र म्हणून दाखवलं. मी हात टेकले.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई सहा महिन्यांसाठी आली. बॅगेत मेतकूट, भाजणी आणि स्वतःची कात्री. परक्याच्या कात्रीनं तिचं भागत नाही. एका शनिवारी दारावर बेल वाजली आणि माझी मुलगी ओरडली, "डम्पलिंग मावशी इज हिअर!" ती थेट कॉलेजातून आलेली, आता दुसऱ्या सहामाहीत, पेशंटच्या खोलीत काम करायला लागलेली. अंगावर निळा युनिफॉर्म. पॅंट इथल्या धिप्पाड बायांच्या मापाची, खाली नुसती लोळत होती.

आईला बघून ती थबकली. मग वाकली. आणि मी चहा टाकायच्या आत हात मागे बांधून सुरू: 'माझी आई कराड येथे राहते...' अख्खा निबंध, इंग्रजीत, आईच्या तोंडावर. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणतीय गं ही? कराड म्हणाली ना?"

मी ओशाळत एकेका वाक्याचा अर्थ सांगायला लागले. आईनं दोन वाक्यं ऐकली आणि उसळली. "पहाटे चारला? कोण? मी? सातच्या आत कधी डोळा उघडला नाही माझा! चारला उठायचे तुझे वडील, चहा करून द्यायचे मला. त्यांना कुठं घातलंस?"

मी पुढचं वाक्य गिळायला बघत होते. आई म्हणाली, "सांग पुढं."

"तू कधी रागावत नाहीस."

आई हसत सुटली. "अगं, कात्री फेकून मारली होती तुला! भुवईवर खूण आहे अजून. हे असलं शिकवलंस तिला? देवाच्या फोटोला हार घातल्यासारखं? मी मेले का काय?"

ती आमच्याकडे टकामका बघत होती. काय झालं, तिनं विचारलं. आता मात्र मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, सगळं सांगितलं. कात्रीची खूण दाखवली. ती खूण जवळून, नर्ससारखी बघत म्हणाली, "दोन टाके पाहिजे होते." आणि मग गालात हसून, "म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा गाय बांधली."

चहा झाला. आईनं विचारलं, "हिची आई कुठं असते?" मी सांगितलं. सहा नंबरची खाट, थँक यू नर्स, साडेतीन, चार, सगळं. बोलघेवडी माझी आई, पण ऐकताना कप हातातच राहिला. मग तिनं कप ठेवला, उठली, बॅगेतून टाचण्यांची डबी काढली आणि मला म्हणाली, "त्या स्टुलावर उभी राहा म्हणावं. पॅंट लोळतीय. अशी जाते होय पेशंटसमोर?"

ती स्टुलावर चढली. आई खाली मांडी ठोकून बसली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि निळ्या पॅंटची घडी घालायला लागली. "हलू नकोस," ती टाचण्यांतून म्हणाली, मराठीतच, आणि त्याचं मला भाषांतर करावं लागलं नाही. एक पाय झाला. दुसऱ्याशी आल्यावर आई वर न बघता म्हणाली, "हिच्या आईनं हिला याही कपड्यांत बघायला पाहिजे होतं गं. सांग तिला."

मी सांगितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभी राहिली, आणि गालांवरून पाणी ओघळून निळ्या शर्टावर पडायला लागलं. पण आईनं हलू नकोस म्हटलं होतं, म्हणून तिनं डोळेसुद्धा पुसले नाहीत.